अर्ध्या कॅप्सूलचं विज्ञान

सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारावर हायड्रॉक्सियुरिया देतात, आणि त्याची कॅप्सूल ५०० मिलिग्रॅमची येते. मुलगी आठ वर्षांची, वजन १८ किलो, आणि जिल्ह्याच्या डॉक्टरांनी केसपेपरवर लिहून दिलेला डोस रोज २५० मिलिग्रॅम. गोळी असती तर ब्लेडने मधोमध कापून दिली असती. कॅप्सूलचं काय करायचं ते केसपेपरवर नव्हतं.

मी तेव्हा गडचिरोली जिल्ह्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात फार्मासिस्ट होतो. पदाचं सरकारी नाव औषध निर्माण अधिकारी. एवढ्या वर्षांच्या नोकरीत औषध एकही निर्माण केलं नाही, नुसती मोजून दिली; लोक कंपाउंडर म्हणायचे तेच खरं. त्या दिवशी मात्र निर्माणाच्या जवळपास जाणारं काहीतरी करावं लागलं. कॅप्सूल उघडायची, पावडर दहा मिली पाण्यात ढवळायची, त्यातलं पाच मिली मुलीला पाजायचं, उरलेलं टाकून द्यायचं. सांगायला सोपं आहे. पण हे औषध मूळचं कॅन्सरचं, पेशींची वाढ रोखणारं, आणि गरोदर बाईनं ती पावडर हाताळू नये असा नियम. मुलीच्या आईला सहावा महिना लागलेला. बाप मिरची तोडायला तेलंगणात गेलेला. घरात उरली आजी, आणि आजीला आकडे वाचता येत नव्हते.

शेवटी बिनसुईच्या सिरिंजवर पाच मिलीच्या खुणेशी ब्लेडने चर पाडला आणि तो ठळक दिसावा म्हणून त्यात सिस्टरच्या पर्समधलं लाल नेलपॉलिश भरलं. आजीला सांगितलं, लाल रेघेपर्यंत ओढायचं, त्याच्या वर नाही. हातात प्लास्टिकची पिशवी घालून कॅप्सूल उघडायची. उरलेलं पाणी अंगणात फेकायचं नाही, कोंबड्या पितात. खड्डा करून त्यात ओतायचं. आजीनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे अर्धं औषध रोज मातीत घालाचं का जी?" हो. सरकारनं विकत घेतलेल्या औषधातलं निम्मं रोज खड्ड्यात.

वैद्यकातल्या नव्या क्रांतीची बातमी वाचली की मला ही लाल रेघ आठवते. तक्रार म्हणून नाही. बातम्या खऱ्या असतात, आणि मी त्या आवडीनं वाचतो.

त्यातली सगळ्यात मोठी बातमी याच आजाराची होती. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटननं आणि पुढच्याच महिन्यात अमेरिकेनं सिकलसेलवरच्या 'कॅसजेव्ही' या उपचाराला मान्यता दिली. क्रिस्पर नावाच्या जनुकीय कात्रीचा वापर करून तयार झालेला, जगात मान्यता मिळालेला हा पहिला उपचार. रुग्णाच्या रक्त तयार करणाऱ्या मूळपेशी बाहेर काढायच्या, प्रयोगशाळेत त्यांच्या डीएनएत एका नेमक्या ठिकाणी काप द्यायचा, शरीरातला जुना अस्थिमज्जा केमोथेरपीनं रिकामा करायचा आणि कापलेल्या पेशी परत सोडायच्या. ज्यांचे निकाल मोजता आले अशा ३१ रुग्णांपैकी २९ जणांना सलग बारा महिने वेदनेचा एकही गंभीर झटका आला नाही. सिकलसेलचा झटका ज्यांनी पाहिलाय त्यांना हे वाक्य दोनदा वाचावं लागेल. थंडीच्या रात्री पोरगं गुडघे पोटाशी घेऊन कण्हत असतं, डोळे हळदीसारखे पिवळे, आणि आपल्या हातात सलाईन आणि वेदनाशामक इंजेक्शन यापलीकडे काही नसतं. ते कायमचं थांबू शकतं, ही गोष्ट लहान नाही.

अमेरिकेत या उपचाराची किंमत २२ लाख डॉलर. त्या वेळच्या दराने साधारण १८ कोटी रुपये, आणि दवाखान्याचा खर्च वेगळा.

किमतीवर नाक मुरडून थांबणं सोपं आहे, म्हणून थोडं मागे जाऊ. शिकागोत जेम्स हेरिक या डॉक्टरांनी ग्रेनाडा बेटावरून दंतवैद्यक शिकायला आलेल्या एका विद्यार्थ्याच्या रक्तात विळ्याच्या आकाराच्या पेशींची नोंद केली, ती १९१० मध्ये. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे. 'रेणूचा आजार' ही कल्पनाच वैद्यकात या आजारामुळे आली. १९५७ पर्यंत व्हर्नन इनग्राम यांनी चूक नेमकी कुठे आहे तेही शोधलं: १४६ अमिनो आम्लांच्या साखळीत सहाव्या जागेवर एक चुकीचा मणी. माणसाच्या कुठल्याही आनुवंशिक आजाराचं कारण इतक्या नेमकेपणानं त्याआधी कळलेलं नव्हतं. भारतात १९५२ मध्ये निलगिरीच्या डोंगरातल्या आदिवासींमध्ये सिकलसेल सापडला आणि १९५८ मध्ये मध्य भारतातल्या सिकलसेलविषयी नागपूरच्या डॉक्टरांचा लेख 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. विदर्भात हा आजार आहे हे आपल्याला महाराष्ट्र राज्य होण्याआधीपासून माहीत आहे.

या आजारातलं कोडं उकलण्यात ज्ञान कमी पडलेलं नाही. १९५८ ते ती लाल रेघ, यांच्या मधे जे काही राहून गेलं ते ज्ञानाअभावी राहिलं असं म्हणता येत नाही. किंवा वेगळ्या अर्थानं म्हणता येतं, आणि माझा मुद्दा तोच आहे. रेणू कळला होता. आठ वर्षांच्या मुलीला, निरक्षर आजीच्या हातून, एका खोलीच्या घरात अर्धी कॅप्सूल कशी द्यायची हे कळलेलं नव्हतं. पहिल्या ज्ञानाला आपण विज्ञान म्हणतो आणि दुसऱ्याला 'अंमलबजावणी'. पहिल्याला नोबेल असतं. दुसऱ्याला जिल्हा परिषदेच्या आढावा बैठकीत दहा मिनिटं, तीही चहाच्या आधीची.

ही विभागणीच चुकीची आहे असं माझं मत आहे. औषध पोहोचवणं हे शोध लागून झाल्यावरचं हमालीचं काम नाही. तो शोधाचाच भाग आहे, त्याला तेवढीच बुद्धी लागते, आणि येत्या पन्नास वर्षांतली वैद्यकाची प्रगती बरीचशी तिथेच अडेल किंवा तिथेच सुटेल.

हायड्रॉक्सियुरियाचंच चरित्र पाहा. हे रसायन जर्मनीत पहिल्यांदा तयार झालं १८६९ मध्ये. गांधीजींचा जन्म त्याच वर्षीचा. पुढे ते कॅन्सरसाठी वापरात आलं. सिकलसेलमध्ये त्याचा उपयोग होतो हे पक्कं झालं १९९५ मध्ये, अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत. वेदनेचे झटके जवळपास निम्म्यावर आले. १९९८ मध्ये प्रौढांसाठी तिथं मान्यता मिळाली. लहान मुलांसाठी मात्र २०१७ उजाडावं लागलं. म्हणजे ज्या औषधाचं रसायनशास्त्र दीडशे वर्षं जुनं, ते मुलांच्या हाती अधिकृतपणे काल-परवा आलं. आता आपल्याकडेही त्याचं सिरप तयार होऊ लागलंय, आणि मला त्या बातमीचा आनंद कॅसजेव्हीच्या बातमीहून रतीभरही कमी झाला नव्हता. सिरप म्हणजे नेलपॉलिशची सुट्टी. कुणीतरी, कुठल्यातरी कारखान्यात, १८ किलोच्या मुलीचा विचार केला.

पेनिसिलिनचं त्याहून साधं. १९८६ मध्ये अमेरिकेत सिद्ध झालं की सिकलसेल असलेल्या बाळांना रोज तोंडाने पेनिसिलिन दिलं तर न्यूमोकोकस या जंतूचा जीवघेणा संसर्ग ८४ टक्क्यांनी कमी होतो. ही बाळं झटक्यांनी कमी आणि तापानं जास्त जातात. संसर्ग रोखणारी त्यांची प्लीहा निकामी झालेली असते, साधा वाटणारा ताप एका रात्रीत नेतो. पण पेनिसिलिन द्यायचं तर बाळाला सिकलसेल आहे हे जन्मल्याबरोबर कळायला हवं. अमेरिकेतल्या सगळ्या राज्यांत त्यासाठी प्रत्येक नवजात बाळाची तपासणी होते. आपल्याकडे बाळ तापानं गेलं तर मृत्यूच्या कागदावर न्यूमोनिया लिहिलं जातं, आणि ते खोटंही नसतं. त्या बाळाचं रक्त कुणी तपासलेलंच नसतं, त्यामुळे सिकलसेलच्या हिशेबात ते कधी येतच नाही.

यावर नेहमीचं उत्तर असं की धीर धरा, सगळं हळूहळू खाली झिरपतं. मोबाइल आधी श्रीमंतांकडे होता, आता गुराख्याकडेही आहे. जनुकीय उपचारांचंही तसंच होईल. माझा मुलगा पुण्यात आयटीत आहे, तो मला हे दर दिवाळीला सांगतो. त्याला माझं उत्तर असं: मोबाइलला गिऱ्हाईक शोधावं लागत नाही, गिऱ्हाईक स्वतः दुकानात येतं, कारण आपल्याकडे मोबाइल नाही हे त्याला माहीत असतं. सिकलसेलच्या रुग्णाला आपल्याला सिकलसेल आहे हे माहीत नसतं. तो 'अशक्तपणा'वर टॉनिक घेतो, 'कावीळ' उतरवून घेतो, सांधेदुखीला लेप लावतो. जो आजारी आहे हे कुणालाच माहीत नाही, तो बाजाराच्या दृष्टीनं अस्तित्वातच नाही. त्याच्यापर्यंत किंमत कितीही उतरली तरी औषध आपोआप पोहोचत नाही.

आणि प्रगती वरून खालीच येते हेही अर्धसत्य आहे. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर आठवा. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात रायगड जिल्ह्यातल्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात ते काम करत होते. कोकणातला लाल विंचू चावला की धडधाकट माणूस काही तासांत घामानं निथळायचा, हातपाय बर्फासारखे गार पडायचे, छातीत पाणी भरायचं आणि माणूस जायचा. गंभीर रुग्णांतले शंभरातले चाळीसच्या आसपास दगावत. पुस्तकात यावर धड काही नव्हतं, कारण पुस्तकं जिथं लिहिली जात तिथं असा विंचू नव्हता. बावस्करांनी रुग्णाच्या उशाशी रात्री बसून काढल्या, तासातासाला नाडी आणि रक्तदाब लिहिला, आणि माणूस मरतो तो हृदय आणि फुप्फुसं कोलमडून, हे दाखवलं. १९८२ मध्ये त्यांचा लेख 'लॅन्सेट'मध्ये आला. पुढे प्राझोसिन ही रक्तदाबाची स्वस्त गोळी त्यांनी यासाठी वापरली. विषामुळे आकसलेल्या रक्तवाहिन्या ती सैल करते. मृत्यूचं प्रमाण शंभरात एकावर आलं. नवीन रेणू एकही शोधला गेला नाही. प्रश्न योग्य ठिकाणी बसून विचारला गेला एवढंच, आणि उत्तर औषधाच्या कपाटात आधीपासून पडलेलं होतं.

आमच्या जिल्ह्यातलंच दुसरं उदाहरण राणी आणि अभय बंग यांचं. घरोघरी नवजात बाळाची काळजी हा त्यांचा प्रयोग ३९ गावांत झाला. गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून शिकवलं. बाळाचं वजन, ताप, श्वास मोजणं, गरज पडली तर इंजेक्शन देणं. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निकाल आले: नवजात मृत्यूदर ६२ टक्क्यांनी खाली. पाचवी-सातवी शिकलेली बाई इंजेक्शन देणार म्हटल्यावर आमच्या खात्यातल्या अनेकांचा, खोटं कशाला बोलू, माझाही, तिच्यावर विश्वास नव्हता. ती मोजलेल्या श्वासांची नोंद आमच्यापेक्षा नीटनेटकी ठेवायची हे मी नंतर डोळ्यांनी पाहिलं. २०११ पासून हीच पद्धत देशभरातल्या आशाताईंच्या कामात आली. या प्रयोगालाही तुलनेची गावं होती, आकडेवारी होती, समीक्षा झाली. मग क्रिस्पर विज्ञान आणि हे समाजकार्य, असं का?

इथं एक गैरसमज दूर करायला हवा, कारण माझ्यासारखे लोक बोलू लागले की तो होतोच. गरीब देशाला जनुकीय उपचार हवेत कशाला, आधी हगवण आणि कुपोषण संपवा, असं मी म्हणत नाही. उलट असं म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. 'त्यांच्यासाठी' स्वस्त आणि 'आपल्यासाठी' अद्ययावत, ही वाटणी नेहमी अद्ययावत मिळणारेच करतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांनी मिळून विकसित केलेल्या कार-टी पेशी उपचाराला भारतात मान्यता मिळाली, आणि एप्रिल २०२४ मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते पवईला त्याचं उद्घाटन झालं. रक्ताच्या काही कॅन्सरमध्ये रुग्णाच्याच पांढऱ्या पेशींना शिकवून कॅन्सरवर सोडणारा हा उपचार अमेरिकेतल्या किमतीच्या साधारण दहाव्या हिश्शात मिळतो. दहावा हिस्सा म्हणजेही काही लाखांची मोठी रक्कम आहे, बहुतेकांना शेत विकावं लागेल. तरी तो इथं झाला नसता तर शेत विकूनही मिळाला नसता.

सिकलसेलबाबतही तेच घडतंय. दिल्लीच्या जीनोमिक्स संस्थेत शास्त्रज्ञांनी स्वतःची क्रिस्पर प्रणाली विकसित केली आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये सरकारनं 'बिरसा १०१' या नावानं सिकलसेलचा देशी जनुकीय उपचार जाहीर केला. तंत्रज्ञान पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे देण्याचा करारही झाला. बिरसा मुंडांचं नाव द्यायचं ज्याला सुचलं त्याला हा आजार कुणाचा आहे हे कळलेलं आहे. माझी अपेक्षा एवढीच की नावासोबत पत्ताही कळावा.

आणि एक कर्जही आहे, ज्याची चर्चा होत नाही. कॅसजेव्ही करते काय, तर बंद पडलेलं गर्भीय हिमोग्लोबिन पुन्हा चालू करते. आईच्या पोटात असताना आपल्या सर्वांच्या रक्तात हे वेगळं हिमोग्लोबिन असतं. जन्मानंतर ते हळूहळू बंद होतं. ते चालू राहिलं तर सिकलसेलचा त्रास कमी होतो, हा अंदाज कुठून आला? एक तर नवजात बाळांकडून: १९४८ मध्ये न्यूयॉर्कच्या बालरोगतज्ज्ञ जॅनेट वॉटसन यांनी नोंदवलं की सिकलसेलच्या बाळांना सुरुवातीचे महिने त्रास होत नाही. आणि दुसरं, अरबस्तानातल्या आणि भारतातल्या रुग्णांकडून. ओडिशातल्या रुग्णांच्या रक्तात मोठेपणीही गर्भीय हिमोग्लोबिन जास्त असतं आणि त्यांचा आजार जमैकातल्या रुग्णांपेक्षा सौम्य असतो, हे १९८६ च्या एका अभ्यासात आलं. म्हणजे या महागड्या उपचारामागच्या युक्तीचा एक पुरावा इथल्या आदिवासी आणि दलित माणसांनी आपल्या दंडातून रक्त देऊन पुरवला. पेटंटवर त्यांचं नाव असावं असं नाही. पण आपल्याला दिलेलं दान म्हणून हा उपचार त्यांच्यापर्यंत यावा, यात कुठेतरी हिशेब चुकतोय.

(विदर्भातल्या सगळ्याच रुग्णांचा आजार सौम्य असतो असं मात्र नाही. आमच्याकडे आलेली पोरं पाहून मला 'सौम्य' हा शब्द लिहितानाही कसंतरी होतं.)

नवीन म्हणून सगळं चांगलं असतं असंही नाही, आणि हे सिकलसेलनंच अलीकडे शिकवलंय. व्हॉक्सेलोटर हे बहुचर्चित औषध २०१९ मध्ये अमेरिकेत घाईच्या मान्यतेनं आलं आणि सप्टेंबर २०२४ मध्ये कंपनीनं ते जगभरातून मागे घेतलं. फायद्यापेक्षा धोका जास्त दिसू लागला होता. क्रिझानलिझुमॅब या दुसऱ्या औषधाची युरोपातली मान्यता २०२३ मध्ये काढून घेतली गेली. दीडशे वर्षांचं म्हातारं हायड्रॉक्सियुरिया अजून जागेवर आहे.

कृत्रिम बुद्धिमत्तेबद्दल विचारलं जाईल म्हणून दोन ओळी. छातीचा एक्स-रे वाचून क्षयरोगाचा संशय सांगणाऱ्या संगणकप्रणालींना जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्येच हिरवा कंदील दिला, आणि जिथं एक्स-रे वाचायला डॉक्टर नाही तिथं त्या खरोखर उपयोगी आहेत. पण संशय सांगून झाल्यावर थुंकी तपासायची, औषध सुरू करायचं, सहा महिने ते चालू ठेवायचं, आणि मधेच रुग्ण मिरची तोडायला गेला तर तिथं ते पोहोचवायचं. यंत्रानं पहिल्या पायरीचा वेळ वाचवला. बाकीच्या पायऱ्या तेवढ्याच उंच आहेत.

आता सरकारच्या मोहिमेविषयी. १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशात शहडोलला राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, हे लक्ष्य. सहा कोटींहून जास्त तपासण्या झाल्या आणि दोन लाखांहून जास्त रुग्ण सापडले, असे आकडे आहेत. इतक्या मोठ्या प्रमाणावर हे काम आधी कधी झालं नव्हतं, आणि त्याबद्दल मनापासून शाबासकी. पण मी स्टॉक बुक लिहिण्यात आयुष्य घालवलेला माणूस, मला दुसरा रकाना पाहायची सवय आहे. आवक किती ते कळलं, जावक किती? या दोन लाखांपैकी हायड्रॉक्सियुरिया किती जणांना सुरू झालं, आणि त्यातल्या किती जणांना ते गेल्या बारा महिन्यांत बारा वेळा मिळालं? आढावा बैठकीत तपासणीचा टक्का विचारला जातो, म्हणून सगळी यंत्रणा तपासणीच्या मागे पळते. जे विचारलं जातं तेच होतं, हा सरकारी नोकरीतला पहिला धडा.

औषध संपणं म्हणजे काय, हे बाहेरच्यांना नीट कळत नाही. त्यात नाट्य काही नसतं. मी इंडेंट, म्हणजे औषधाचं मागणीपत्र, पाठवायचो, त्यावर 'उपलब्ध नाही' असा शेरा येऊन कागद परत यायचा. मग रुग्णाला 'पुढच्या सोमवारी या' सांगायचं. तो १४ किलोमीटर सायकलवर येतो, पुढच्या सोमवारीही येतो, तिसऱ्या सोमवारी येत नाही. तो न आल्याची नोंद कुठल्याच रजिस्टरात होत नाही, कारण रजिस्टर येणाऱ्यांचं असतं. मग ई-औषधी आलं, संगणकावर साठा दिसू लागला, फरक पडला. पण साठा दिसणं आणि साठा असणं यात जिल्ह्याच्या स्टोअरपासून नव्वद किलोमीटरचं अंतर असतं, आणि पावसाळ्यात दोन नाले.

'निर्मूलन' या शब्दाशीही माझं भांडण आहे. देवीचं निर्मूलन झालं, कारण विषाणू संपवता येतो. सिकलसेलचं जनुक हजारो वर्षं माणसात टिकलंय, कारण त्याची एकच प्रत असणाऱ्यांना, म्हणजे वाहकांना, ते मलेरियापासून वाचवत आलं. अँथनी अ‍ॅलिसन यांनी आफ्रिकेत १९५४ मध्ये हे दाखवलं. गडचिरोलीच्या जंगलात ते का रुजलं हे वेगळं सांगायला नको. जनुक निर्मूलन करायचं म्हणजे कुणाचं लग्न कुणाशी होऊ नये हे ठरवायचं, आणि प्रत्यक्षात तेच चाललंय. पत्रिका जुळवण्याआधी रक्त जुळवा, असं आम्हीच गावोगावी सांगत फिरलो. हेतू चांगला होता. झालं असं की मुलाकडच्यांनी मुलीचं सिकलसेल तपासणीचं कार्ड मागायला सुरुवात केली. मुलाचं कार्ड मागणारं घर मला एकच आठवतं. 'एएस पॅटर्न'ची, म्हणजे फक्त वाहक असलेली, ठणठणीत मुलगी 'रोगी' ठरून घरी बसली. दोन वाहकांचं लग्न झालं तरी प्रत्येक गर्भाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते, आणि वाहकाचं लग्न वाहक नसलेल्याशी झालं तर सिकलसेलचं बाळ जन्मतच नाही, हे साधं गणित आम्ही नीट समजावू शकलो नाही. इथंही रेणूचं ज्ञान पुरेपूर होतं. सासूला समजेल असं सांगण्याचं शास्त्र नव्हतं, आणि ते कुणी शोधायलाही बसलं नाही.

म्हणून 'बिरसा १०१' यशस्वी व्हायच्या आधी जे व्हायला हवं ते आजच्या औषधांनी होण्यासारखं आहे. प्रत्येक नवजात बाळाची टाचेतून एक थेंब रक्त घेऊन तपासणी. उपकेंद्रापर्यंत हायड्रॉक्सियुरिया, सिरपसकट. पाच वर्षांखालच्या प्रत्येक रुग्ण बाळाला पेनिसिलिन. महिन्याला किती दिवस औषध शिल्लक नव्हतं याचा आकडा, तपासणीच्या टक्क्याशेजारी, त्याच फलकावर. आणि वैद्यकीय महाविद्यालयात ज्याला या गोष्टींवर संशोधन करायचंय त्याला 'हे काय संशोधन आहे का?' असं न विचारणारा गाइड. यातल्या शेवटच्या गोष्टीला पैसे लागत नाहीत, बहुतेक म्हणूनच ती सगळ्यात अवघड आहे. जनुकीय उपचार उद्या फुकट झाला, तरी तो घ्यायला रुग्ण जिवंत हवा, त्याची किडनी आणि मेंदू शाबूत हवेत आणि त्याचं नाव यादीत हवं. ही तिन्ही कामं जुन्या, स्वस्त औषधांची आणि आशाताईच्या वहीची आहेत.

ती मुलगी आता अठराची झाली. वजन वाढत गेलं तसा डोस वाढला, सिरिंजवरची लाल रेघ दोनदा वर सरकली, मग अख्खी कॅप्सूल सुरू झाली आणि सिरिंज सुटली. आजी गेली. पोटात होतं ते भावंड तपासलं, ते निव्वळ वाहक निघालं. जानेवारी २०२४ मध्ये, माझ्या निवृत्तीला काही महिने उरले असताना, ती औषधाला आली तेव्हा मी तिला उत्साहानं कॅसजेव्हीची बातमी सांगितली. मूळपेशी, कात्री, केमोथेरपी, बारा महिने झटका नाही, सगळं. किंमत मुद्दाम सांगितली नाही. तिनं शांतपणे ऐकलं.

"केमोथेरपी म्हणजे कॅन्सरवाली?"

"हो."

"मंग नंतर पोरं होतील का, सर?"

मी बातम्या इतक्या वाचल्या होत्या, हा प्रश्न मला पडला नव्हता. घरी जाऊन शोधलं. अस्थिमज्जा रिकामा करण्यासाठी दिलं जाणारं औषध वंध्यत्व आणू शकतं. म्हणून उपचाराआधी स्त्रीबीजं काढून गोठवून ठेवण्याचा सल्ला देतात. पुढच्या महिन्यात ती आली तेव्हा तिला हे सांगितलं.

"हे नागपूरला होते का?"

"बीजं गोठवणं होतं. खर्च आहे. बाकीचं अजून आपल्याकडे कुठंच होत नाही."

तिनं मान हलवली, तीस कॅप्सूल मोजून घेतल्या, पुन्हा एकदा मोजल्या, आणि साडेतीनच्या एसटीसाठी निघाली.